उसवलेली लोकर

मुंबईला थंडी ती किती, पुण्याला फार तर थोडी अधिक. त्यांतून तयार स्वेटर बाजारांत वाटेल तितके मिळतात. मग तुम्ही हें विणीत कां बसतां, असा प्रश्न मला वारंवार विचारण्यांत येतो. विचारणाराचा हिशेब चुकीचा नाहीं. चांगल्या लोकरीची किंमत आणि खर्ची पडलेल्या संध्याकाळी जमेस धरल्या तर हातचा स्वेटर दुकानच्या स्वेटरापेक्षां खासच महाग पडतो. इंग्लंडांत विल्यम ली यानें मोजे विणण्याचा सांचा केला तो १५८९ मध्यें. तेव्हांपासून हातविणीचा हा हिशेब तोट्याचाच आहे! म्हणून काटकसरीची सबब मी पुढें करीत नाहीं. हात गुंतलेले पण कान मोकळे, अशीं कामें आतां घरांत फार थोडीं उरलीं आहेत. आमच्या आजीला वाती वळतांना नि गव्हले करतांना जें सुख मिळे, तें मला या दोन सुयांवर मिळतें. एवढेंच त्याचें समर्थन.

सध्यां मजजवळ तीन कामें चालू आहेत. शेजारच्या घरीं बाळंतविडा जायचा आहे, त्यासाठीं टोपडें व पायमोजे. तान्ह्या मुलाचीं बोटें जाळीदार विणींत अडकतात, म्हणून दिसायला कितीहि गोंडस असली तरी मी त्याला जाळी घालीत नाहीं. दुसरा एक मफलर आहे. तो आगगाडींत विणण्यासाठीं, त्याविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं. तिसरें काम मात्र विणण्याचें नसून उसवण्याचें आहे, आणि आज बोलायचें तें त्याविषयींच.

माझ्या आईनें वडिलांसाठीं विणलेला करड्या लोकरीचा एक स्वेटर माझ्या ट्रंकेंत होता. तीं दोघेंहि आज नाहींत. डांबराच्या गोळ्या घालूनसुद्धां यंदा त्याला कोपरांपाशीं कसर लागलेली दिसली, तेव्हां तो उसवून नातीला एक लहान स्वेटर विणावा असें मीं मनांत आणलें. माझ्या थोरल्या बहिणीला तें मुळींच रुचलें नाहीं. "आईच्या हातचें एवढेंच राहिलें आहे, आणि तेंहि तूं मोडणार!" इतकेंच ताई म्हणाली.

ताईचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हे. आपल्याकडे जुन्या वस्त्राला नवा जन्म देण्याची रीत आहे ती गोधडीची. पण गोधडींत आजीचें लुगडें हें लुगडेंच राहतें. त्याचा कांठ, त्याचा रंग बोट ठेवून दाखवितां येतो. उसवलेल्या स्वेटराचें तसें नाहीं. मराठींत मागावरच्या कामाला आणि सुयांवरच्या कामाला आपण एकाच शब्दानें विणणें म्हणतों, परंतु दोहोंत मोठा भेद आहे. घोंगडीला उभा आणि आडवा असे निरनिराळे धागे लागतात. सुयांवर सारा खेळ एकाच धाग्याचा: त्याचा एक फांसा, त्या फांशांतून ओढलेला दुसरा, त्यांतून तिसरा. म्हणून टोक सांपडलें कीं सगळें वस्त्र परत धागा होतें, आणि मग त्यांत आईचें म्हणून काय उरलें, हा ताईचा प्रश्न राहतोच.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या जूनमध्यें, ब्रिटनांत कपड्यांवर नियंत्रण आलें. विणण्याची लोकरसुद्धां कूपनांवर मिळूं लागली. त्या दिवसांत तिकडच्या बायकांनीं घरोघर जुने स्वेटर उसवून मुलांना नवे विणले. पण ती गरज होती. आम्हांला तशी गरज नाहीं, तेव्हां तो दाखला ताईपुढें ठेवण्यांत अर्थ नव्हता. मीं तिला एवढेंच म्हटलें कीं, ट्रंकेंत ठेवला तर तो कसरीचा होईल.

प्रथम मीं तो मोजला. ४ इंचांत २२ टाके आणि २८ ओळी. पाठ १८ इंच रुंद, २४ इंच लांब. काखेचा उतार वजा जातां नुसत्या पाठीचेच सुमारें १५,००० टाके होतात. शिवणी सोडवून चारी भाग वेगळे केले. उसवायचें तें वरच्या बाजूनें. खालून, म्हणजे जेथें टाके प्रथम घातले तेथून, धागा अडकत जातो. अर्थात् आईनें शेवटीं बंद केलेला टाका पहिल्यानें सुटला. पाठ निम्मी झाली तेव्हां दहा-बारा ओळी एकदम घट्ट लागल्या. ताई तेथें बसली होती (उसवण्याला तिचा विरोध होता, पण पाहायला ती आली होती). ती म्हणाली, "हें त्या सालचें. बाबा तापानें पडले होते, आणि ती रात्रीं त्यांच्या उशाशीं बसून विणी." हें मला ठाऊक नव्हतें, मी तेव्हां फार लहान होतें. मग लड करायची वेळ आली, तेव्हां ताईनें आपले दोन्ही हात पुढें केले आणि मीं त्यांवर धागा गुंडाळला.

उसवलेल्या धाग्याला वळ्या पडलेल्या असतात. लडीला चार ठिकाणीं सैल बांधून ती कोमट पाण्यांत भिजवावी, पिळूं नये, आणि हलकेंसें वजन लावून सावलींत वाळत टाकावी, वळ्या जातात. कढत पाणी मात्र वापरूं नये. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते उष्णतेनें व चोळण्यानें एकमेकांत गुंततात आणि लोकर आटते. असा आटलेला स्वेटर उसवत नाहीं. हाच दोष सांध्याच्या वेळीं उपयोगी पडतो: कसरीनें तोडलेलीं दोन टोकें थोडीं विरळ करून, ओलीं करून, तळहातांत जोरानें चोळलीं म्हणजे गांठ न मारतां जुळतात. लोकर म्हणून आज विकला जाणारा पुष्कळसा धागा अॅक्रिलिकचा असतो. त्याला हें साधत नाहीं.

पुढची बाजू ताईनें उसवूं दिली नाहीं. तिच्यावर वेणीची नक्षी आहे. सुती कापडांत गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ती तिनें आपल्या घरीं नेली, आणि मींहि आग्रह केला नाहीं. चार वर्षांच्या मुलीला एक पाठ आणि दोन बाह्या यांची लोकर पुरेशी होते. धागा झिजून थोडा बारीक झाला आहे, म्हणून आठ नंबरच्या सुया सोडून नऊ नंबरच्या घेतल्या आहेत. काम काखेपर्यंत आलें आहे. बटणें तेवढीं ठरायचीं आहेत. करड्यावर करडींच शोभतील, असें ताईचें मत आहे. नातीला लाल हवीं आहेत.