गिरणीच्या दारांतला गुरु

एखाद्या धंद्यांत सर्वांत खालच्या पायरीवर पाऊल टाकलेला मनुष्य कालांतरानें त्याच धंद्यांत नवीं माणसें निवडण्याच्या व शिकविण्याच्या जागीं जाऊन बसतो, ही गोष्ट आज कोणास नवलाची वाटत नाहीं. मोठमोठ्या कचेऱ्यांतून त्याकरितां स्वतंत्र खातीं असतात. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांत असें कोणतेंहि खातें नसतांना हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या घडत होती. तिचा नायक म्हणजे जॉबर. तो कसा वर आला, त्यानें काय मिळविलें आणि कशापायीं काय गमावलें, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण खालून वर चढणाऱ्या प्रत्येकापुढें आजहि तोच प्रश्न उभा राहतो.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें खातें निघालें. त्याच्या आद्याक्षरांवरून ज्यांना नांव पडलें, त्या बीडीडी चाळी वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी या चार ठिकाणीं उभ्या राहिल्या. एकूण चाळी २०७. त्यांपैकीं १२१ एकट्या वरळीस. तळमजला व वर तीन मजले, एका चाळींत ८० खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि नळ व संडास सामाईक. या कामासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसविण्यांत आला होता. ज्या कापसाचें सूत कामगार कांतीत असे, त्याच कापसानें त्याच्या डोक्यावरील छपराचाहि भार उचलला होता.

श्रोत्यांनीं अशी एक खोली डोळ्यांपुढें आणावी. रत्नागिरीच्या बाजूकडून बोटीनें आलेला सतरा वर्षांचा एक मुलगा तेथें गांवकऱ्यांच्या आश्रयास उतरला आहे. त्याचें नांव सांगण्याची गरज नाहीं. असे हजारों होते. पथारीपुरती जागा आणि खाणावळींत उधारीवर दोन वेळचें जेवण, एवढी त्याची सोय झाली आहे. भल्या पहांटे, भोंगा वाजण्यापूर्वींच, खोलींतील वडीलधारा त्याला गिरणीच्या दाराशीं नेतो आणि म्हणतो, "मुकादम, हा आमच्या वाडींतला पोर. हात चलाख आहे. कुठं बदली निघाली तर बघा." जॉबर त्या मुलाच्या हातांकडे पाहतो, तोंडाकडे पाहतो आणि म्हणतो, "उद्यांपासून दारावर उभा राहूं दे."

नोकरभरती ती एवढीच. अर्ज नाहीं, दाखला नाहीं, परीक्षा नाहीं. जामीनकी मात्र होती. पोरानें चोरी केली किंवा काम टाकून तो पळाला, तर ज्यानें त्याला आणलें त्याचा शब्द खालीं पडे.

बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागीं त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. कांहीं दिवस दारावर नुसतें उभें राहून परतल्यावर त्या मुलाला त्रासन खात्यांत, म्हणजे सूत कांतण्याच्या खात्यांत, डॉफरचें काम मिळे. भरलेल्या बॉबिनी उतरवावयाच्या आणि रिकाम्या चढवावयाच्या, हें गिरणींतील अगदीं पहिलें काम. येथें शाळा नव्हती, फळा नव्हता. चालत्या यंत्रापाशीं उभें राहून तुटलेला धागा चिमटींत धरून सांधावयाचा. चुकलें तर शेजारचा कामगार हात धरून दाखवी, आणि पुन्हां चुकलें तर जॉबर कान धरी. पुढें नात्यागोत्यांतल्या एखाद्या विणकराच्या साच्यांजवळ उभें राहून तो दोन साचे संभाळूं लागे. ताणा कोठें सैल पडला, धोटा कां अडखळतो, हें त्याला हळूहळू कळूं लागे. कुशल विणकराला नुसत्या आवाजावरून साच्यांतील बिघाड ओळखतां येई. शेंकडों साच्यांच्या त्या गदारोळांत एका साच्याचा सूर ओळखावयाचा, ही विद्या पुस्तकांत मिळण्यासारखी नव्हती.

वर्षें लोटत. हात बसे, मान वाढे, आणि कधीं तरी त्या डॉफरचाच जॉबर होई. त्यासाठीं दोन गुण लागत. एक, यंत्राची पारख. कारण बिघडलेला साचा नीट करून देणें हें जॉबरचें मुख्य काम होतें. दुसरा, माणसांची ओळख. कापडगिरण्यांचा आरंभ १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं काढलेल्या कंपनीपासून झाला. त्या पहिल्या काळांत गिरण्यांतील पुष्कळसे तज्ज्ञ अधिकारी लँकेशायरकडून आलेले असत. त्यांना कामगाराची भाषा येत नसे व त्याचें गांवहि ठाऊक नसे. सकाळीं किती माणसें येतील याचा रोजचा भरंवसा नसे. कोणी आजारी, कोणी शेतीच्या दिवसांत गांवीं गेलेला. अशा वेळीं बंद पडलेल्या दहा साच्यांवर तत्काळ दहा माणसें उभीं करणारा मनुष्य गिरणीला सोन्यासारखा वाटे. वाइंडिंग व रीलिंग खात्यांत स्त्रिया काम करीत. तेथें हाच अधिकार नायकिणीकडे असे, आणि तीहि बहुधा त्याच खात्यांत राबून वर आलेली असे.

परंतु या मोठेपणांतच त्याच्या अधःपाताचें बीज होतें. कामावर घेणारा तोच, शिकविणारा तोच, रजा देणारा तोच, आणि गांवाहून परत आलेल्याची जागा राखणारा किंवा न राखणाराहि तोच. सावकाराकडे जामीन राहावयाचें, खोली मिळवून द्यावयाची, भांडण तोडावयाचें, या सर्वांसाठीं कामगार त्याच्याच दाराशीं येई. एका माणसाच्या हातीं इतक्या किल्ल्या आल्यावर जें व्हावयाचें तेंच झालें. नोकरी मिळतांना दस्तुरी, नोकरी टिकविण्यासाठीं दस्तुरी, सणावाराला भेट. एके काळीं ज्यानें दारावर उभें राहून पोटांत भुकेचा गोळा अनुभवला होता, तोच आतां तशाच दुसऱ्या पोराच्या पहिल्या पगारांतून आपला वाटा काढून घेऊं लागला.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जॉबर सर्वसत्ताधीश नव्हता. ज्याच्यापाशीं माणसें नाहींत त्याची गिरणीला किंमत नव्हती, आणि जो फार पिळी त्याचीं माणसें दुसऱ्या गिरणीचें दार धरीत. वरून साहेबाचा दट्ट्या आणि खालून कामगारांचा रोष, अशा कात्रींत तो सांपडलेला असे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या मोठ्या संपांत सुमारें दीड लक्ष कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरणोगिरणीं कामगारांच्या समित्या बसल्या आणि जॉबरचा शब्द हाच शेवटचा शब्द राहिला नाहीं.

त्याच संपाच्या काळांत आणखी एक प्रश्न पुढें आला, आणि जॉबरच्या पद्धतींतील खरें वैगुण्य त्यानें उघडें पाडलें. सूत खात्यापेक्षां विणकामांत मिळकत अधिक. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना विणकाम खात्यांत शिरकाव नव्हता. धोट्यांत नवी कांडी घालतांना धाग्याचें टोंक तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि त्या निमित्तानें विटाळाची सबब पुढें केली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणें मांडला. बीडीडी चाळींतून राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या भाकरीशीं तो निगडित होता. आपल्या वाडींतला, आपल्या जातींतला, आपल्या नात्यांतला पाहून हात देणें हा जॉबरला उपकार वाटे, आणि ज्याला तो हात मिळे त्याच्यापुरता तो उपकारच होता. परंतु त्याच चाळींतल्या पलीकडच्या खोलींतील तितक्याच चलाख हाताच्या मुलाला विणकाम खात्याचें दार त्याच उपकारामुळें बंद होत असे.

सुधारणेचे प्रयत्न झाले. १९२९ मध्यें नेमलेल्या व्हिटले यांच्या शाही मजूर कमिशननें १९३१ च्या अहवालांत शिफारस केली, कीं माणसें ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा आणि त्यासाठीं लेबर ऑफिसर नेमावे. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालक संघानें बदली कामगारांची योजना आंखली. दर महिन्याच्या आरंभीं निवडक माणसांना कार्डें द्यावयाचीं आणि रोजच्या रिकाम्या जागा कार्डवाल्यांतूनच भरावयाच्या. पुढें १९५० मध्यें कामगारांची नोंदणी करून जागा भरण्याची सरकारी योजनाहि मुंबईंत सुरू झाली.

तरी जॉबरचें वजन एकदम नाहींसें झालें नाहीं, आणि त्याचें कारण विचार करण्यासारखें आहे. खुर्चींत बसलेल्या अधिकाऱ्याला कार्डावरचें नांव व हजेरी दिसे. परंतु त्या माणसाचा हात साच्यावर कसा चालतो, हें त्याला कोण सांगणार? तेव्हां तो पुन्हां जॉबरलाच विचारी. राबून मिळविलेलें ज्ञान फर्मान काढून एकाकडून दुसऱ्याकडे नेतां येत नाहीं. निवड सर्वांच्या डोळ्यांदेखत, नियमानें व्हावी, ही सुधारणा योग्यच होती. पण शिकविण्याचें काम मात्र ज्यानें तें स्वतः केलें आहे त्याच्याकडेच राहिलें पाहिजे, आणि त्या कामाचा मोबदला त्याला उजळ माथ्यानें मिळाला पाहिजे. गिरण्यांनीं जॉबरच्या शिक्षकपणाला पुरतें मोल दिलें असतें, तर दस्तुरीचें पाप नाहींसें झालें असतें असें नाहीं. पण तिच्यासाठीं पुढें करावयाची एक सबब तरी उरली नसती.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगे थांबले. वरळीच्या जुन्या चाळींचीहि पुनर्बांधणी सुरू झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांच्या आज्यानें बॉबिनी उतरविल्या, अशा घरांतील मुलेंमुली आतां दुकानांत, बँकांत, कचेऱ्यांत खालच्या जागेवर लागतात, आणि त्यांतील कोणी चार-सहा वर्षांनीं नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या टेबलामागें जाऊन बसतात.

त्या टेबलासमोर एखादा घाबरलेला मुलगा येऊन बसला, म्हणजे जॉबरचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. ज्या दारांतून आपण आंत आलों, तें दार आपल्या मालकीचें झालें असें त्या माणसाला वाटावयाचें, कीं तें आपल्याकडे ठेव म्हणून सोंपविलेलें आहे असें वाटावयाचें? पहिल्या भावनेनें मनुष्य आपल्या ओळखीच्यांपुरतें दार किलकिलें करतो व त्याची किंमत घेतो. दुसऱ्या भावनेनें तो अनोळखी मुलाच्याहि हातांकडे नीट पाहतो, आणि तो हात कामाचा असेल तर त्याच्याजवळ उभा राहून त्याला धागा सांधावयास शिकवितो. जॉबरांपैकीं कित्येकांनीं दस्तुरी घेतली हें खरें. परंतु मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जें कापड विणलें गेलें, तें विणणारे हात पुष्कळ अंशीं त्यांनींच घडविले, हेंहि तितकेंच खरें आहे. त्यांच्यापासून घ्यावयाचें तें एवढेंच : शिकविण्याची हौस घ्यावी आणि दारावरचा हक्क तेवढा सोडून द्यावा.