‘गुप्त’ हा शब्द आधी पुसू या

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे सुरुवात एका शब्दापासूनच करतो. तो शब्द आहे ‘गुप्तरोग’. एस.टी. स्टँडजवळच्या भिंतींवर तो ठळक अक्षरांत रंगवलेला दिसतो. खरे तर रोग गुप्त नसतो, आपली लाज त्याला गुप्त करते. आणि त्या लाजेवरच भोंदूंची दुकाने चालतात.

आमच्या धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम आहे. तिथे काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना प्रजननमार्गाचा किंवा लैंगिक असा एक तरी आजार होता. निम्मा भार जंतुसंसर्गाचा होता. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के! इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. यातला प्रत्येक संसर्ग काही शरीरसंबंधातून आलेला नसतो. म्हणून ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणणाऱ्या बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणे हा अन्याय आहे.

मग ही बाई सांगणार कोणाला? आपल्या नेहमीच्या डॉक्टरला. तापाची गोळी देणारा, तीन पिढ्या ओळखणारा तो बाजारातला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर. पण ओळख हीच अडचणही ठरते. ‘यांनी घरी सांगितले तर?’ ही धास्ती असते. म्हणून डॉक्टरसाहेब, दार लोटून घ्या, कंपाउंडरला बाहेर पाठवा, बाईंसाठी नर्सताईंना जवळ ठेवा आणि तुम्हीच आधी विचारा. लाजणारा रोगी आपणहून कमरेच्या खालचे बोलत नाही. तो डोकेदुखी सांगून परत जातो.

परमा, सिफिलिस, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास हे चारही आजार औषधाने बरे होतात. मात्र औषध पूर्ण घ्यावे लागते आणि जोडीदारालाही द्यावे लागते. एकट्या नवऱ्याने गुपचूप इंजेक्शन घेतले, तर बायकोकडून संसर्ग पुन्हा त्याच्याकडे येतो. बायकांमध्ये तर अनेकदा लक्षणेच दिसत नाहीत. आतल्या आत गर्भनलिका खराब होते आणि मूल राहत नाही. मग गाव तिला दुसरा शब्द चिकटवते, ‘वांझ’. नवऱ्याकडून आलेल्या रोगाची शिक्षा बायको जन्मभर भोगते. गरोदरपणी सिफिलिस असेल तर बाळ पोटात दगावू शकते. वेळेवर रक्त तपासले आणि पेनिसिलिन दिले, तर ते वाचू शकते.

असे दुखणे असताना एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून ती तपासणी करायला सांगणे आणि निरोध कसा वापरायचा हे समजावणे, हेसुद्धा डॉक्टरांचेच काम. जिल्हा रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. तिकडे पाठवणारी चिठ्ठीही त्यांनीच द्यावी.

आमच्या घरात शरमेला ‘हया’ म्हणतात. हया हा चांगला गुण आहे. पण दुखणे लपवणे म्हणजे हया नव्हे. भावांनो, डॉक्टरकडे जाताना बायकोलाही सोबत न्या, आणि तिच्याआधी स्वतःचे सांगा.