रक्तातील साखर आणि प्रयोगशाळेतील तांबडे स्फटिक

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



बारामती-इंदापूर हा उसाचा मुलूख. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावे साखरेमुळेच सर्वांना ठाऊक आहेत. परंतु आज घरोघरी साखरेचा दुसराच हिशेब ठेवावा लागतो, तो म्हणजे रक्तातील साखरेचा. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावला की काही सेकंदांत यंत्रावर आकडा उमटतो. तो कसा येतो, हे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रयोगशाळेतील बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइडचे तांबडे स्फटिक आपण पाहिले असतील. त्यात मध्यभागी लोखंडाचा अणू असतो व सहा सायनाइड गट त्याला वेढून बसलेले असतात. अशा पदार्थास धातूचे संकुल म्हणतात. सायनाइड म्हटल्यावर दचकू नये. येथे तो लोखंडाशी घट्ट बांधलेला असतो. कित्येक पट्ट्यांत हेच संकुल असते. पट्टीवरील एन्झाइम ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेते व संकुलाच्या हाती देते. संकुल ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचविते. साखर जितकी जास्त, तितका वीजप्रवाह जास्त. यंत्र तो प्रवाह मोजून आकडा दाखविते.

१९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. त्याच साली अमेरिकेत क्लार्क व लायन्स यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी जमविण्याची कल्पना मांडली. १९८४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी फेरोसीन हे लोखंडाचेच दुसरे संकुल त्यात वापरून दाखविले आणि १९८७ मध्ये पेनाएवढे यंत्र बाजारात आले.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तपासणीपूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. बोटाला गुळाचा अंश राहिला तरी आकडा खोटाच वाढतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावावे, कारण दमट हवेने पट्टी बिघडते. आकडा पाहून औषध मात्र स्वतः बदलू नये. ते डॉक्टरांना विचारावे.

मी कला शाखेचा शिक्षक आहे, तरी एक विनंती करतो. “शास्त्र आपल्याला झेपणार नाही” असे म्हणून दहावीनंतर मुलाला, विशेषतः मुलीला, मागे ओढू नका. आईच्या बोटावरचा थेंब आणि पुस्तकातले सूत्र यांचे नाते जिला उमगले, तिला शास्त्र परके वाटणार नाही. उद्या अशी पट्टी स्वस्तात बनविणारे हात आपल्याच घरातून निघावेत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.