काचपट्टीवरची हिरवी चमक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी, नाट्यछटा, फराळ या गोष्टी शोभतात. तेथे मी रक्ततपासणीची गोष्ट सांगायला उभी राहिले याबद्दल आधीच क्षमा मागते. माझे आयुष्य प्रयोगशाळेत गेले. तेथली एकच गोष्ट सांगते; कारण ती मुख्यतः आपल्या बायकांची आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, असतात. त्यांना पेशीच्या चुली म्हणा. खाल्लेल्या भाकरीची साखर होते, साखरेचे पायरुव्हेट होते, आणि ते पुढे जळण्याजोगे करून देण्याचे काम तंतुकणिकेतील एक विकर करते. त्याचे नाव पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज. नाव लांबलचक, पण त्याच्यावाचून चूल नीट पेटायची नाही.

हे विकर डोळ्यांना दिसत नाही. मग ते शोधायचे कसे? परका पदार्थ शरीरात शिरला की रक्तात त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार होतात. म्हणून शास्त्रज्ञ शुद्ध केलेले विकर सशाला किंवा उंदराला टोचतात आणि त्याने तयार केलेले प्रतिपिंड वेगळे काढतात. त्यावर चमकणारा रंग चढवला की जेथे विकर तेथे चमक. असे प्रतिपिंड आज बाटलीत विकतही मिळते. मात्र ते कधी कधी भलत्यालाच चिकटते. म्हणून ज्यात ते विकर मुळीच नाही असा नमुना शेजारी ठेवावा लागतो. साक्षीदार कितीही नावाजलेला असो, उलटतपासणी चुकत नाही.

आता नवलाची गोष्ट ऐका. काही माणसांचे, आणि त्यांत बहुतांश स्त्रियांचे, शरीर स्वतःच्याच या विकराविरुद्ध प्रतिपिंड तयार करते. त्याच वेळी यकृतातील बारीक पित्तनलिका हळूहळू नासत जातात. १९६५ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तात तंतुकणिकांना चिकटणारे प्रतिपिंड असल्याचे दाखवून दिले. त्यांचे मुख्य लक्ष्य हेच विकर आहे, हे १९८७-८८ च्या सुमारास स्पष्ट झाले. शेरलॉकबाई १९५९ साली ब्रिटनमधील वैद्यकशास्त्राच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या होत्या.

तपासणी अशी. उंदराच्या जातीतील घुशीएवढ्या प्राण्याच्या मूत्रपिंडाचा पातळ काप काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर रुग्णाच्या रक्ताचा द्रव घालायचा, धुवायचे, आणि माणसाच्या प्रतिपिंडांना चिकटणारा चमकता रंग वर सोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसली, तर साक्ष मिळाली.

अशा किती काचपट्ट्या मी पाहिल्या असतील! तरीही माझ्या थोरल्या नणंदेच्या तळहातांना आणि तळपायांना दोन वर्षे रात्री खाज सुटत होती, तेव्हा मी काय म्हणाले? “वन्सं, साबण बदलून पाहा.” त्या दुपारी आडव्या होत, तर घरात कुजबुज होई की कामाचा कंटाळा. अखेरीस डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले आणि तो नमुना माझ्याच टेबलावर आला. शेजारी निरोगी रक्ताचा नमुना ठेवला, तो काळाच राहिला. वन्संचा हिरवा चमकला. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

केवळ या चमकेवरून रोग ठरत नाही. प्रतिपिंड असूनही निरोगी असणारी माणसे असतात. आणि थोड्या रुग्णांत हे प्रतिपिंड सापडत नाहीत. यकृताच्या इतर तपासण्या जोडीला लागतात. वन्संच्या त्याही झाल्या. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या त्यांना कायमच्या चालू आहेत. रोग समूळ जात नाही, पण लवकर कळला तर या औषधाने पुष्कळांत त्याची चाल मंदावते.

या रोगाच्या जुन्या नावात ‘सिऱ्हॉसिस’ हा शब्द होता. तो ऐकला की लोकांना दारू आठवे. जिने थेंबाला हात लावला नाही, तिच्याकडेही संशयाने पाहिले जाई. रुग्णांनीच नाव बदलण्याचा आग्रह धरला आणि २०१५ साली ‘कोलॅन्जायटिस’, म्हणजे पित्तनलिकांचा दाह, असे नाव आले.

भगिनींनो, शरीर साक्ष देते, पण कोणीतरी ती विचारावी लागते. घरातली बाई “फार थकते ग, अंग खाजतं” असे पुन्हा पुन्हा म्हणाली, तर तिला साबण सुचवण्याआधी डॉक्टरांकडे न्या. मी दोन वर्षे उशीर केला. आपण करू नका, एवढीच विनंती.