गावची बातमी, गटाची वही

मी बचत गटांची समन्वयक. सेलू आणि देवळी तालुक्यातल्या गावांमधून माझं फिरणं असतं. आज मी बचतीचं आणि कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. आज बोलू या बातमीबद्दल. दिल्ली-मुंबईच्या नव्हे, आपल्या गावच्या बातमीबद्दल.

तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या गावात कसली आली बातमी? तर मोजून पाहू. तीन दिवस झाले, नळ आला नाही. सकाळची एसटी न थांबता गेली, मुलींची शाळा बुडाली. राशनचं धान्य आलं. अंगणवाडीत वजन घ्यायचा दिवस बदलला. पांदण रस्त्यावर कापसाची बंडी फसली. रात्री रोह्यांनी तुरीचं नुकसान केलं. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या गावात वाघ दिसला, आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला बाया मिळाल्या नाहीत. यातलं पेपरात किती येतं? वाघाने कोणावर हल्ला केला तर येतं. बाकीचं येत नाही. पण आपला दिवस कसा जाणार, हे याच गोष्टींवर ठरतं.

आणि या बातम्या सगळ्यात आधी बाईला कळतात. नळ आला नाही हे पुरुषाला आंघोळीच्या वेळी समजतं, बाईला पहाटेच समजलेलं असतं. कोणाच्या घरी पोरगी शाळेतून काढली, कोणत्या नाल्याच्या काठी हातभट्टी पुन्हा लागली, हे चक्कीवर, हातपंपावर, वावरात निंदताना आधी बोललं जातं. आपला वर्धा जिल्हा 1975 पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. तरी दारू कुठे मिळते, हे त्या घरच्या बाईला कोणी सांगावं लागत नाही.

सरकारी बातमी मात्र उलट्या वाटेने येते. ग्रामसभा कधी, कोणत्या योजनेचे फॉर्म सुटले, शेवटची तारीख कोणती, ई-पीक पाहणी कधीपर्यंत करायची, हे आधी पानठेल्यावर पोहोचतं, नाहीतर घरच्या माणसाच्या मोबाइलवर. आपल्यापर्यंत येतं तेव्हा तारीख निघून गेलेली असते. मग एकमेकींना विचारायचं, "काऊन वहिनी, तुम्हाले सांगतलं नाही का भाऊनं?" भाऊ विसरले. भाऊंचा दोष काढून उपयोग नाही. आपली वाट आपण करायची.

ती वाट म्हणजे गटाची बैठक. बचत गोळा झाली, कर्जाचं बोलणं झालं, की दहा मिनिटं गावच्या बातमीसाठी ठेवा. एक साधी वही करा. प्रत्येकीने एक बातमी आणायची. लिहिता येणारीने लिहायची, न येणारीने सांगायची. आशाताईला आणि अंगणवाडीताईला महिन्यातून एकदा बोलवा, त्यांच्याकडे तारखा पक्क्या असतात. एका बाईकडे ग्रामपंचायतीचा नोटीस फळा पाहून यायचं काम द्या. दर महिन्याला काम दुसरीकडे जाईल.

बातमी वहीत जाण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. कोणी स्वतः पाहिलं? कोणत्या दिवशी? खात्री कोणाकडे करायची? वाघाचंच घ्या. "वाघ आला म्हणे" ही बातमी नाही. कोणाच्या वावरात, कधी, पाऊलखुणा कोणी पाहिल्या, वनरक्षकाला फोन गेला का, एवढं कळलं की ती बातमी झाली. मग उद्या वेचणीला कोणत्या बाजूने जायचं, किती जणींनी मिळून जायचं, हे ठरवता येतं. नुसत्या भीतीने मजुरी बुडते, आणि खऱ्या बातमीकडे दुर्लक्ष केलं तर जीव जातो.

खात्री न करता पुढे ढकललेली गोष्ट काय करते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी होती. मुलं पळवणाऱ्यांची अफवा मोबाइलवरून पसरली होती. असा मेसेज आपल्या फोनवर आला तर तो पुढे पाठवायचा नाही. आधी पोलीस पाटलाला नाहीतर ठाण्यात विचारायचं. आणि माणसाचं नाव घेऊन केलेली चुगली वहीत लिहायचीच नाही. कोणाची सून भांडली, ही गावाची बातमी नव्हे.

आता वहीचा उपयोग काय, ते सांगते. सेलू तालुक्यातल्या एका गावात वरच्या आळीला पाणी येत नव्हतं. बाया विचारायला गेल्या की उत्तर ठरलेलं, "येते न पाणी!" मग गटाच्या बायांनी घरातल्या कॅलेंडरवर रोज लिहायला सुरुवात केली. आज आलं, किती वाजता, किती गुंड भरले. दोन महिन्यांनी ती कॅलेंडरं महिला सभेत ठेवली. खालच्या आळीला पाणी मिळत होतं, म्हणून "येते" हे खोटं नव्हतं. वरच्या आळीचा व्हॉल्व्ह मात्र वीज जायच्या जरा आधी उघडला जात होता. वेळ बदलली, पाणी चढलं. उन्हाळ्यात अजूनही टंचाई असते, तेवढ्याने सगळं मिटलं नाही. पण आता कोणी "येते न" म्हणून परत पाठवत नाही.

महिला सभा ही कोणाची मेहरबानी नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. कित्येक गावांत महिला सभा रजिस्टरमध्येच होते. रजिस्टर घरी येतं, "काकू, इथे सही करा" म्हणतात, आणि सभा झाली! सभेला गेल्याशिवाय सही करू नका. झालेला ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला का, ते वाचून घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. यंदा तो कशावर झाला, हाही गावच्या बातमीचाच प्रश्न आहे.

कोणी विचारेल, हे रेडिओवरच का सांगत नाही? सामुदायिक रेडिओला स्वतःच्या राजकीय, चालू घडामोडींच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पाणी, वीज, हवामान, परीक्षा, साथीचे रोग यांची माहिती मात्र देता येते. म्हणजे नळ उद्या येणार नाही, हे रेडिओ सांगेल. तो दर वेळी वरच्या आळीलाच का येत नाही, हे ग्रामसभेत आपल्यालाच विचारावं लागेल.

आणि हे बायांना जमतं. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात 2002 मध्ये खेड्यातल्या बायांनी 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र सुरू केलं. त्यात दलित बाया मोठ्या संख्येने. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीवर गावच्या बाया बोलतात. आपल्याला पेपर काढायचा नाही. एक वही, एक पेन, दहा मिनिटं, एवढंच.

तर पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या महिला सभेची तारीख लिहा. तारीख ठरलेली नसेल तर ग्रामपंचायतीत विचारून लिहा. दुसऱ्या पानावर या आठवड्यात नळ किती दिवस आला, ते लिहा. वही भरली की मला बोलवा, मी वाचायला येईन.