घोणशीची कात्री



गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात एका शेतकऱ्याला भाताच्या बांधावर घोणस डसली. त्याचा मुलगा माझ्या वर्गात असल्यामुळे पुढची हकिगत मला जवळून पाहावयास मिळाली. घोट्यावर दोन खुणा, सूज आणि ठणका, एवढेच प्रथम दिसत होते. नाग डसला म्हणजे पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते आणि घरची माणसे धावपळ करतात. येथे माणूस नीट बोलत होता. म्हणून झाडपाला, मंत्र आणि पायाला करकचून आवळलेली दोरी यांतच रात्र गेली. सकाळी हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि लघवी जवळजवळ बंद झाली.

दंश घोट्याला आणि इजा मूत्रपिंडांना, हे कसे घडावे?

आपल्या शरीरात प्रथिने कापणारी पुष्कळ एंझाइमे आहेत. अन्नातील प्रथिने पचतात ती त्यांच्यामुळे, आणि रक्त गोठते तेही त्यांच्याचमुळे. रक्त गोठविणारी प्रथिने एरवी निद्रिस्त स्थितीत रक्तातून वाहत असतात. जखम झाली की एक प्रथिन दुसऱ्याला नेमक्या जागी कापून जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन नावाचे एंझाइम फायब्रिनोजेन या प्रथिनाची टोके छाटते आणि फायब्रिनचे धागे विणले जातात. हा सारा व्यवहार जखमेपुरता चालतो.

घोणशीच्या विषात अशाच कात्र्या असतात. त्यांतील एक, रक्तातील दहाव्या घटकाला, शरीर स्वतः जेथे कापते तेथेच कापते. दुसरी पाचव्या घटकाला जागे करते. चोराने घरच्याच किल्लीने कुलूप उघडावे, तसे हे आहे. ही करामत इतकी अचूक आहे, की १९३४ साली मॅक्फर्लेन आणि बार्नेट या इंग्लंडमधील दोघा संशोधकांनी हेच विष अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या रोग्यांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरले. परंतु दंशातून आलेले विष जखम पाहत नाही. ते सर्व अंगभर रक्त गोठवू लागते आणि गोठविण्याचे साहित्यच संपवून टाकते. मग रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतले रक्त थांबेना, ते यामुळे.

आता मूत्रपिंडाकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात, आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. इतक्या बारीक रक्तवाहिन्यांत फायब्रिन अडकले, त्यातच रक्तदाब उतरला, की तेथील पेशींचा प्राणवायू तुटतो. विष त्या पेशींना प्रत्यक्षही इजा करते. याखेरीज थ्रॉम्बिनचे आणखी एक काम आहे. पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिनांचे टोक ते छाटते आणि त्यामुळे उघडे पडलेले नवे टोकच पेशीला धोक्याची सूचना देते. पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्याजवळही इलास्टेजसारख्या कात्र्या असतात. त्यांना आवरणारी प्रथिने रक्तात आहेत. पण गर्दी फार झाली म्हणजे ती अपुरी पडतात आणि दाहाने निरोगी भागही दुखावतो. दंगलीत पाहुण्यांनाही मार बसतो, त्यातलाच हा प्रकार.

घोड्यांच्या रक्तापासून केलेले प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. मूत्रपिंडात होऊन गेलेली इजा मात्र ते मागे घेऊ शकत नाही. म्हणून रात्र घालविणे महागात पडते. दोरी आवळू नये, जखम चिरू नये, चोखू नये. पाय न हलविता माणसाला उचलून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. तेथे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलविता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पाण्यासारखे वाहिले, तर विषाने आपले काम केले असे समजावे. पुढे लघवी किती होते, तिचा रंग कसा आहे, यावर नजर ठेवावी लागते.

आमच्या शेतकऱ्याला प्रतिविष मिळाले, पण उशिरा. नंतर डायलिसिस करावे लागले. रुग्णालयात मुलगा शाळेची वही घेऊन बसे आणि बापाची लघवी मापून रोजचा आकडा लिही. पहिली काही पाने जवळजवळ शून्यांचीच होती. सोळाव्या दिवशी ४०० मिलिलिटर. त्या आकड्याखाली त्याने लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. शाळेत परतल्यावर वही पुढे करून म्हणाला, "मास्तर, हे गणिताच्या वहीत लिहिले, चालेल ना?"