तक्रारवही कोणाची?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



आपल्या वेबसाइटवर आता ‘सूचना व तक्रार’ असा फॉर्म आला आहे. तो समजावून सांगायचं काम कमिटीनं माझ्यावर सोपवलं. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. पण तक्रार या विषयाशी माझी जुनी ओळख आहे. 1995 साली रिझर्व्ह बँकेनं बँकिंग लोकपाल योजना आणली, तेव्हापासून तर कोणता अर्ज कधी आला, त्याला काय उत्तर गेलं, हे सगळं कागदावर दाखवता येणं फारच महत्त्वाचं झालं.

काही जणांनी मला जिन्यात गाठून विचारलं, ‘काका, गूगलचा फुकट फॉर्म होता की! हा खटाटोप कशाला?’ प्रश्न रास्त आहे. तो फॉर्म दहा मिनिटांत तयार होतो आणि चालतोही छान. पण आपला फॉर्म एका माजी पदाधिकाऱ्यांच्या खाजगी खात्यावर होता. ते फ्लॅट विकून मुलाकडे गेले, पुढे ते खातंही बंद झालं आणि चार वर्षांच्या तक्रारी त्यात गेल्या. डी विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग गळू लागलं, तेव्हा ठेकेदार म्हणाला, ‘वॉरंटीच्या मुदतीत तक्रार आलीच नाही.’ आली होती हो! दाखवता आली नाही. दुरुस्ती शेवटी आपल्या सगळ्यांच्या खिशातून झाली. यात त्या गृहस्थांचा दोष नाही. त्यांनी हौसेनं काम केलं होतं. पण बँकेत मॅनेजरची बदली होते, लेजर शाखेतच राहतं. आपलं लेजर मॅनेजरबरोबर गेलं.

म्हणून बी विंगमधल्या आपल्या इंजिनीअर मुलीनं हा फॉर्म वेबसाइटच्याच जागेवर बसवला. ती जागा भाड्याची आहे हे खरं, पण करार सोसायटीच्या नावावर आहे आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात सोसायटीच्या कपाटात आहे. लॉकरही भाड्याचाच असतो, दागिने आपले असतात.

तुम्ही ‘पाठवा’ दाबलं की मजकूर पीएचपीमधल्या एका छोट्या प्रोग्रामकडे जातो. तो एसक्यूलाइटच्या एका फाइलीत ओळ लिहितो, तारीख-वेळ घालतो आणि तुम्हाला क्रमांक देतो. तो क्रमांक जपून ठेवा, ती तुमची पोचपावती. ही फाइल वेबसाइटच्या उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवली आहे. नाहीतर पत्ता ओळखून कोणीही ती उतरवून घेतली असती.

फॉर्म उघडा असला की जाहिराती टाकणारे आपोआप चालणारे प्रोग्राम येतातच. त्यासाठी एक गमतीदार युक्ती केली आहे. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, तो तुम्हा-आम्हाला दिसत नाही. प्रोग्रामला मात्र तो दिसतो आणि तो इमानेइतबारे भरतो. रकाना भरलेला दिसला की अर्ज बाद! सगळेच यात सापडत नाहीत, पण बरेचसे सापडतात, आणि आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना वाकडीतिकडी अक्षरं ओळखत बसावं लागत नाही.

सेक्रेटरींना ई-मेल जातो, पण त्यात फक्त क्रमांक आणि विषय असतो, मजकूर नसतो. हा माझा आग्रह होता. सी विंगमधल्या एका ताईंनी शेजारच्या त्रासाबद्दल लिहिलेलं दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होतं, हे आपण विसरलेलो नाही. त्यानंतर त्या बाईंनी कसलीच तक्रार केली नाही. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, ‘बघा, तक्रारी कमी झाल्या!’ लोक बोलायचे थांबले, की तक्रारी कमीच होतात.

मजकूर वाचण्यासाठी आता लॉगिन लागतं आणि ते फक्त तिघांकडे आहे. माहितीही मोजकीच विचारली आहे: विंग-फ्लॅट, विषय आणि म्हणणं. नाव ऐच्छिक आहे. जुन्या फॉर्ममध्ये वय, भाडेकरूंचं नाव, दोन-दोन फोन नंबर होते. नळ गळतोय हे सांगायला जन्मतारीख कशाला हवी? 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदाही कामापुरतीच माहिती घ्या या बाजूचा आहे.

आता थोडं कटू. स्वतःचं घर म्हटलं की झाडलोटही स्वतःच करायची. दर रविवारी फाइलीची प्रत काढून ती दुसरीकडे ठेवणं, प्रोग्राम अद्ययावत ठेवणं, ही कामं कोणीतरी केलीच पाहिजेत. ती मुलगी लग्न होऊन किंवा नोकरीसाठी गेली तर काय? म्हणून तिनं चार पानी टिपण मराठीत लिहून दिलंय. पण नुसतं टिपण पुरत नाही, शिकणारा माणूस लागतो. दोन तरुण नावं मला आज हवी आहेत. प्रत नसेल तर आपण पुन्हा डी विंगच्या गच्चीवरच उभे आहोत.

ज्यांना मोबाइल जमत नाही, त्यांच्यासाठी वॉचमनच्या केबिनमधली वही तशीच राहील. वहीतली नोंद ऑफिसमध्ये फॉर्मवर चढवून तोच क्रमांक वहीत लिहिला जाईल. उत्तर पंधरा दिवसांत, असं कमिटीनं ठरवलं आहे. ‘काम होणार नाही’ हेसुद्धा उत्तरच, पण ते कारणासह लेखी आलं पाहिजे.

फॉर्म सोमवारपासून सुरू होतोय. क्रमांक एक मी माझ्यासाठी मागून घेतला आहे: या हॉलमधला कोपऱ्यातला पंखा. सेक्रेटरीसाहेब, पंधरा दिवस मी मोजणार आहे.